डॉस : परिचय आणि दोषशोधन

काळ्या पडद्याच्या डाव्या कडेला 'सी:\>' एवढी चार चिन्हे, आणि त्यांच्यापुढे उघडझाप करणारी एक आडवी रेघ. डॉस ह्या कार्यप्रणालीचे प्रथमदर्शन एवढेच असते. चित्रे नाहीत, पर्यायांची यादी नाही, आता काय करावयाचे ह्याची सूचनाही नाही. नवख्या माणसाला ही कोरी जागा पाहून बुजल्यासारखे होते. परंतु त्या चारही चिन्हांना नेमका अर्थ आहे. 'सी' हे तबकडीचे नाव. पुढील दोन टिंबे ते तबकडीचेच नाव आहे असे दर्शवितात. तिरपी रेघ म्हणजे त्या तबकडीवरील मूळ डिरेक्टरी, आणि शेवटचे कोनचिन्ह म्हणजे "मी सिद्ध आहे, आज्ञा द्यावी" असा यंत्राचा संकेत होय.

संगणकाची स्मृती, तबकड्या, कळफलक आणि पडदा ह्यांचा कारभार पाहणाऱ्या मूलभूत कार्यक्रमांच्या संचास कार्यप्रणाली म्हणतात. 'डॉस' हे नाव इंग्रजी आद्याक्षरांपासून बनले असून त्याचा अर्थ 'तबकडीवरील कार्यप्रणाली' असा आहे. ती आता जुनी झाली आहे, हे खरे. मग तिचा अभ्यास कशासाठी करावयाचा? एक कारण व्यवहाराचे आहे. युनेस्कोने ग्रंथालयांसाठी तयार करविलेला सीडीएस/आयसिस हा सूचीकरणाचा कार्यक्रम १९८५ नंतर लहान संगणकांवर, म्हणजे डॉसवर, चालू लागला. भारतात निस्सॅट ह्या शासकीय यंत्रणेमार्फत तो ग्रंथालयांना मिळे, आणि पुष्कळ ग्रंथालयांनी आपल्या संगणकीय सूचीचा श्रीगणेशा त्यावरच केला. त्या काळच्या फ्लॉपी आणि हार्ड डिस्क कोठे कोठे कपाटांत पडून आहेत. त्यांवरील नोंदी वाचता येतील की नाही, हे त्या यंत्रापुढे बसणाऱ्या माणसाला डॉस कितपत कळते ह्यावर अवलंबून राहते. बिघाडाने जेवढ्या नोंदी जातात तेवढ्याच, किंबहुना अधिक, घाईने केलेल्या दुरुस्तीने जातात.

दुसरे कारण असे की डॉस लहान आहे. ती कोणत्या क्रमाने जागी होते, तबकडीवर काय लिहिते आणि कोठे अडते, हे सारे शाळेतील विद्यार्थ्यालाही समजून घेता येते. आजच्या प्रचंड कार्यप्रणालींविषयी असे म्हणता येणार नाही.

ह्या पुस्तिकेत सर्व आज्ञा नागरीत छापल्या आहेत. कळफलकावर मात्र त्या रोमन अक्षरांनीच लिहावयाच्या असतात.

थोडी जन्मकथा

१९८० साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे टिम पॅटरसन ह्या तरुण अभियंत्याने इंटेल कंपनीच्या ८०८६ ह्या प्रक्रियकासाठी एक छोटी कार्यप्रणाली लिहिली. गॅरी किल्डॉल ह्यांची सीपी/एम ही त्या वेळी प्रचारात असलेली प्रणाली होती. तिच्यासाठी लिहिलेले कार्यक्रम नव्या प्रणालीवर सुलभतेने आणता यावेत, म्हणून पॅटरसन ह्यांनी तिच्या रचनेशी साम्य राखले. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८१ मध्ये ही प्रणाली विकत घेतली, आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने जाहीर केलेल्या वैयक्तिक संगणकाबरोबर ती बाजारात आली. पहिल्या आवृत्तीत एका फ्लॉपीवर केवळ १६० किलोबाइट मजकूर मावत असे. १९८३ मधील दुसऱ्या आवृत्तीने हार्ड डिस्कची आणि डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी करण्याची सोय आणली. मायक्रोसॉफ्टने स्वतंत्रपणे विकलेली अखेरची आवृत्ती ६.२२ ही १९९४ ची होय. त्याच वर्षी जिम हॉल ह्यांनी फ्रीडॉस ह्या मुक्त प्रणालीचा आरंभ केला. तिच्यावर आजही काम चालू आहे आणि ती विनामूल्य मिळते.

यंत्र जागे होते तेव्हा

दोषशोधनाची किल्ली एकच आहे. यंत्र कोणत्या पायरीवर अडले, हे ओळखावयाचे. त्यासाठी पायऱ्या क्रमाने माहीत हव्यात.

विजेचे बटन दाबताच कायम स्मृतीत कोरलेला बायॉस नावाचा कार्यक्रम प्रथम चालतो. तो स्मृती, कळफलक व तबकड्या तपासतो. आयबीएमच्या मूळ यंत्रांत दोष आढळल्यास पडद्यावर नुसता आकडा उमटे. २०१ म्हणजे स्मृती, ३०१ म्हणजे कळफलक, ६०१ म्हणजे फ्लॉपी आणि १७०१ म्हणजे हार्ड डिस्क. येथपर्यंत डॉसचा काहीच संबंध आलेला नसतो. त्यामुळे ह्या टप्प्यावर यंत्र अडले तर डॉसच्या फाइली उलटसुलट करण्यात अर्थ नाही.

तपासणी आटोपल्यावर बायॉस तबकडीचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा, म्हणजे सेक्टर, स्मृतीत उतरवितो आणि त्याच्या हाती कारभार सोपवितो. ह्या क्रियेस 'बूट' होणे म्हणतात. आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारातून तो शब्द आला. मराठीत त्यासाठी प्रतिशब्द घडविण्यापेक्षा रूढ झालेला शब्दच ठेवलेला बरा. हा पहिला सेक्टर तबकडीवर आयओ.सिस आणि एमएसडॉस.सिस ह्या दोन फाइली शोधतो. त्या नसल्या तर "नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर" असा संदेश येतो. तो वाचून अनेकांना हार्ड डिस्क बिघडल्याची धास्ती वाटते. प्रत्यक्षात दहांतील बहुतेक वेळा पहिल्या खणात कोणाची तरी फ्लॉपी विसरलेली असते आणि यंत्र तिच्यावरून जागे होऊ पाहत असते. फ्लॉपी काढून कोणतीही कळ दाबावी. मात्र हा विसराळूपणा सर्वस्वी निरुपद्रवी नाही. १९८६ साली लाहोर येथे जन्मलेला 'ब्रेन' हा संगणक-विषाणू फ्लॉपीच्या ह्याच पहिल्या सेक्टरात दडून बसे. तो सेक्टर चालताच विषाणू स्मृतीत शिरत असे, मग त्या फ्लॉपीवर डॉस असो वा नसो.

ह्यानंतर कॉन्फिग.सिस ही फाइल वाचली जाते. यंत्राला जोडलेल्या उपकरणांची व स्मृतीच्या वाटणीची माहिती तीत असते. मग कमांड.कॉम हा आज्ञा समजून घेणारा कार्यक्रम येतो, आणि तो शेवटी ऑटोएक्झेक.बॅट ह्या फाइलीतील आज्ञा ओळीने पाळतो. कमांड.कॉम सापडला नाही तर "बॅड ऑर मिसिंग कमांड इंटरप्रिटर" असे यंत्र स्पष्ट सांगते. ऑटोएक्झेक.बॅट हरवली तर मात्र ते काहीच सांगत नाही. ते नुसतेच तारीख आणि वेळ विचारू लागते. कालपर्यंत न विचारणारे यंत्र आज तारीख विचारते, एवढ्यावरून ती फाइल नाहीशी झाली असावी असा तर्क करता येतो. जुन्या आवृत्त्यांत त्याबरोबर 'सी:\>' च्या जागी नुसते 'सी>' दिसू लागते. तीही त्याचीच खूण.

कॉन्फिग.सिसमधील एखाद्या ओळीमुळे यंत्र थिजते, ह्या प्रकाराचे काय करावे? आवृत्ती ६ पासून "स्टार्टिंग एमएस-डॉस" ही अक्षरे उमटताच एफ-५ ही कळ दाबल्यास दोन्ही फाइली वगळल्या जातात, आणि एफ-८ दाबल्यास यंत्र प्रत्येक ओळीला परवानगी विचारते. ही सोय नसेल तर डॉस असलेल्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करावे आणि संशयित ओळींच्या आरंभी 'रेम' हा शब्द लिहावा, म्हणजे डॉस त्या ओळी पाळीत नाही (अगदी जुन्या आवृत्त्यांत ती कुरकुर करील, पण पुढे जाईल). सोळा ओळी असतील तर एकेक तपासत बसू नये. आठ ओळी बंद कराव्या. दोष गेला तर तो त्या आठांत आहे, राहिला तर उरलेल्या आठांत. मग चार, मग दोन, मग एक. सोळा ओळींतील दोषी ओळ अशी चार प्रयत्नांत हाती लागते. दर वेळी एकच बदल करावयाचा आणि तो कागदावर टिपून ठेवावयाचा, हे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. एकदम तीन बदल करून यंत्र चालू झाले, तर काय बिघडले होते हे कधीच कळत नाही.

आज्ञा आणि तिचे उत्तर

डॉसच्या आज्ञा दोन जातींच्या आहेत, आणि हा भेद ज्याला कळला त्याचे अर्धे काम झाले. डिर, कॉपी, टाइप, रेन, डेल, सीडी, एमडी ह्या आज्ञा कमांड.कॉमच्या पोटातच असतात. फॉरमॅट, चेकडिस्क, डिस्ककॉपी, एक्सकॉपी ह्या मात्र तबकडीवरील निरनिराळ्या फाइली आहेत. आपण एखादा शब्द लिहून एंटर दाबला की डॉस तो प्रथम आपल्या पोटातील आज्ञांत शोधते. नंतर चालू डिरेक्टरीत कॉम, एक्सई आणि बॅट ह्या उपनामांच्या फाइली त्याच क्रमाने पाहते, आणि शेवटी 'पाथ' ह्या आज्ञेने नेमून दिलेल्या डिरेक्टऱ्या धुंडाळते. कोठेच सापडले नाही म्हणजे "बॅड कमांड ऑर फाइल नेम".

म्हणून डिर चालते पण चेकडिस्क चालत नाही, असे दिसले तर यंत्र मोडलेले नसून पाथ बिघडलेला आहे असे समजावे. तसेच एखाद्या विद्यार्थ्याने हौसेने टाइप.बॅट नावाची फाइल तयार केली तर ती नुसत्या नावाने कधीच चालणार नाही. तिच्यापूर्वी पोटातील 'टाइप' ही आज्ञाच उत्तर देते. फाइलीच्या नावाला आठ आणि उपनामाला तीन एवढीच अक्षरे मिळतात. 'ग्रंथसूची-कथा' असे सुबोध नाव देण्याची सोय नाही. त्यामुळे जुन्या फाइलींची नावे कोड्यासारखी दिसतात आणि एखादे नाव कशाचे हे सांगणारी वही जवळ असणे किती मोलाचे, हे वीस वर्षांनी कळते.

सर्वांत कुप्रसिद्ध प्रश्न म्हणजे "अबॉर्ट, रिट्राय, फेल?" फ्लॉपी खणात नसली, झाकण उघडे राहिले वा सेक्टर वाचता आला नाही म्हणजे तो येतो. अबॉर्ट म्हणजे चालू कार्यक्रमच सोडणे, रिट्राय म्हणजे पुन्हा प्रयत्न करणे, आणि फेल म्हणजे प्रयत्न फसला असे कार्यक्रमाला कळविणे. आरंभीच्या आवृत्त्यांत 'इग्नोर' असाही पर्याय होता. जे वाचता आले नाही ते वाचल्यासारखे समजून पुढे जा, असा त्याचा अर्थ. नोंदींच्या फाइलीसाठी ह्यापेक्षा घातक सल्ला दुसरा नाही. हा प्रश्न पडद्यावर असताना खणातील फ्लॉपी बदलून दुसरी घालणे हीदेखील मोठी चूक होय. डॉसच्या स्मृतीत अजून पहिल्या फ्लॉपीचा नकाशा असतो, आणि तो दुसरीवर लिहिला गेला तर तिच्यावरील फाइली हरवतात.

तबकडीचा नकाशा

हा नकाशा म्हणजे काय? डॉस तबकडीचे क्लस्टर नावाचे लहान सारखे भाग पाडते. डिरेक्टरीत प्रत्येक फाइलीची ३२ बाइटांची नोंद असते. तीत नाव, तारीख, आकार आणि फाइल ज्या क्लस्टरपासून सुरू होते त्याचा क्रमांक असतो. पुढचा क्लस्टर कोणता, हे डिरेक्टरीत नसते. ते फॅट नावाच्या कोष्टकात असते. समजा, फाइल ५ क्रमांकाच्या क्लस्टरपासून सुरू होते. कोष्टकात ५ च्या घरात ६ लिहिले आहे, ६ च्या घरात ९, आणि ९ च्या घरात 'समाप्त' अशी खूण आहे. तर ती फाइल ५, ६ आणि ९ ह्या तीन क्लस्टरांत आहे. कोष्टकाचे महत्त्व जाणून डॉस तबकडीवर त्याच्या दोन प्रती ठेवते.

फाइल पुसली असता काय होते, हे आता सहज समजेल. डॉस मजकुराला हातच लावीत नाही. नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ती २२९ हा संकेतांक लिहिते, आणि कोष्टकातील त्या साखळीची घरे रिकामी करते. मजकूर जागच्या जागी असतो. त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंतच असतो, हे विसरू नये. आवृत्ती ५ पासून 'अनडिलीट' ही आज्ञा आली. तीत नावाचे पहिले अक्षर आपणाला पुरवावे लागते, कारण ते खरोखरच गेलेले असते. आरंभीचा क्लस्टर डिरेक्टरीत शिल्लक असल्याने सलग लिहिलेली फाइल बहुधा पूर्ण परत मिळते. वर सांगितल्याप्रमाणे ५, ६, ९ अशी तुटक फाइल असेल, तर साखळी नाहीशी झाल्यामुळे डॉसला अंदाजच करावा लागतो.

ह्यातून निघणारा नियम सोपा आणि कडक आहे. ज्या तबकडीवरील काही हरवले आहे, तिच्यावर काहीही लिहू नये. हरवलेली फाइल शोधण्यासाठी नवा कार्यक्रम त्याच तबकडीवर उतरविणे म्हणजे पडलेले नाणे शोधताना त्यावर माती लोटण्यासारखे आहे.

फाइल लिहीत असतानाच वीज गेली तर उलट प्रकार घडतो. साखळी कोष्टकात राहते, पण डिरेक्टरीत तिला नाव मिळालेले नसते. अशा पोरक्या क्लस्टरांचा शोध 'चेकडिस्क' घेते. ही आज्ञा नुसती दिल्यास ती केवळ अहवाल देते, तबकडीला हात लावीत नाही. तिच्यापुढे '/एफ' लिहिल्यासच दुरुस्ती होते. म्हणून पहिल्या खेपेस '/एफ' कधीही देऊ नये. आधी अहवाल वाचावा, उतरून घ्यावा. पुढे '/एफ' दिल्यावर "साखळ्यांच्या फाइली करावयाच्या काय?" असा प्रश्न येतो. 'होय' म्हटल्यास मूळ डिरेक्टरीत फाइल०००० अशा क्रमाने, सीएचके ह्या उपनामाच्या फाइली तयार होतात, आणि त्या उघडून पाहता येतात. 'नाही' म्हटल्यास ती जागा मोकळी केली जाते.

'रिकव्हर' नावाची एक आज्ञा आवृत्ती ५ पर्यंत डॉसबरोबर येत असे. नावावरून ती उद्धारक वाटते. तिला नुसते तबकडीचे नाव दिले तर ती मूळ डिरेक्टरीतील धडधाकट फाइलींचीही नावे टाकून देते आणि त्या जागी अनुक्रमांक घालते. ती पुढे वगळण्यात आली हे योग्यच झाले. जुन्या यंत्रावर ती आढळल्यास वापरू नये.

कपाटातले यंत्र

आता ज्या ग्रंथालयात असे एखादे यंत्र खरोखरच आहे, त्याच्यासाठी काही गोष्टी.

१९८४ नंतरच्या यंत्रांत हार्ड डिस्कचा प्रकार लहानशा बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत टिपलेला असतो. अनेक वर्षे बंद राहिल्याने ती बॅटरी संपते, यंत्र डिस्कचा प्रकार विसरते, आणि 'सी:' लिहिताच "इनव्हॅलिड ड्राइव्ह स्पेसिफिकेशन" असे म्हणते. डॉसची तारीख १ जानेवारी १९८० पासून सुरू होते. यंत्र तीच तारीख दाखवीत असेल तर बॅटरीवरील संशय पक्का समजावा. नोंदी बहुधा जागच्या जागी असतात. हार्ड डिस्कवर चिकटविलेल्या कागदावर सिलिंडर, हेड व सेक्टर ह्यांच्या संख्या छापलेल्या असल्यास त्या सेटअपमध्ये पुन्हा भराव्यात. अशा वेळी "डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करून टाकू" असा निष्कर्ष काढणारा जाणकार भेटला तर त्याला नम्रपणे थांबवावे. काही यंत्रांतील बॅटरीचे रसायन गळून मुख्य फलकावरील तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी ती जागा डोळ्यांनी पाहून घ्यावी. पडद्याचा डबा मात्र उघडू नये. त्यात वीज काढल्यावरही धोकादायक दाब उरतो.

फ्लॉपी खणात घालण्यापूर्वी तिच्यावरचे लेखन बंद करावे. येथे एक गंमत आहे. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच कागदी पट्टीने झाकली म्हणजे लेखन बंद होते. साडेतीन इंची फ्लॉपीचे छिद्र उघडे ठेवले म्हणजे लेखन बंद होते. एकीचा नियम दुसरीला लावल्यास नेमके उलटे घडते. नंतर फाइली एकेक उचलण्याऐवजी संपूर्ण फ्लॉपीची सेक्टरशः प्रतिमा घ्यावी. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर २,८८० सेक्टर, म्हणजे १४,७४,५६० बाइट असतात. प्रतिमेची फाइल नेमकी तेवढीच हवी. दुरुस्तीचे सारे प्रयोग त्या प्रतिमेच्या प्रतीवर करावेत.

सरावासाठी जुने यंत्र लागत नाही. आजच्या संगणकात जुन्या संगणकाचे सोंग घेणारे कार्यक्रम मिळतात. डॉसबॉक्स हा त्यांपैकी खेळांसाठी उत्तम आहे. परंतु तो वर वर्णिलेल्या क्रमाने जागा होत नाही आणि कॉन्फिग.सिस वाचीत नाही. दोषशोधन शिकण्यासाठी क्यूईएमयू वा व्हर्च्युअलबॉक्ससारखे संपूर्ण यंत्राचे सोंग घेणारे साधन घ्यावे आणि त्यात फ्रीडॉस बसवावी. तेथे काही नावे निराळी आहेत (आयओ.सिस व एमएसडॉस.सिस ह्यांच्या जागी एकच कर्नेल.सिस असते), पण क्रम तोच. मुद्दाम पाथ पुसावा, कॉन्फिगमध्ये खोटी ओळ घालावी, एक फाइल डेल करावी, आणि यंत्र काय म्हणते ते वाचावे.

सूची सीडीएस/आयसिसमध्ये असेल तर एमएसटी ह्या उपनामाच्या फाइलीत नोंदी असतात, आणि प्रत्येक नोंद कोठे आहे हे एक्सआरएफ ही फाइल सांगते. म्हणून एका सूचीच्या सर्व फाइली एकत्रच उचलाव्यात. कार्यक्रम सुरू झाला की त्यातील सोयीने नोंदी आयएसओ २७०९ ह्या प्रमाणाच्या फाइलीत बाहेर काढाव्यात. ते प्रमाण आजची ग्रंथालयीन साधनेही ओळखतात.

मराठी नोंदींची आणखी एक अडचण आहे. डॉसला नागरी येत नसे. पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेने प्रसारात आणलेले जिस्ट कार्ड यंत्रात बसविले म्हणजे पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. त्यांसाठीचा 'इस्की' हा संकेत १९९१ साली भारतीय प्रमाण १३१९४ म्हणून स्वीकारला गेला. त्यात १२७ पर्यंतचे संकेतांक रोमनसाठी होते तसेच ठेवून त्यापुढील जागा भारतीय वर्णांना दिल्या, आणि गुजराती, कन्नड, बंगाली अशा लिप्यांतील समान वर्णांना समान संकेतांक दिले. अशी फाइल साध्या यंत्रावर उघडली की तुटक्या रेघा आणि उपरी अक्षरे दिसतात. 'फाइल सडली' असे समजून ती टाकून दिली जाते. ती सडलेली नसते. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाला लिपी देवनागरी आहे एवढे सांगावे लागते. सगळ्यांनी प्रमाण संकेतच वापरला असे मात्र नाही. म्हणून प्रथम दहा-वीस नोंदींचे रूपांतर करावे, जुन्या सूचीपत्रांतील त्याच ग्रंथांच्या कार्डांशी ती अक्षर न अक्षर ताडून पाहावी, जोडाक्षरे आणि रफार जुळतात अशी खात्री झाल्यावरच उरलेल्या नोंदींना हात घालावा, आणि मूळ फ्लॉपीवर तारीख लिहून ती पुन्हा कोरड्या जागी ठेवावी.